गॅरेजात आरव्ही-७चे पंख: शेपटी संपवून पुढे आलेल्यांसाठी

घरी बांधायच्या विमानाच्या शेपटीचं किट हातावेगळं झालंय, रिव्हेट गन (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, म्हणजे रिव्हेट, ठोकायचं हत्यार) आता परकी वाटत नाही, आणि ट्रकवाला पंखांची लांबलचक लाकडी खोकी दारात उतरवून गेलाय. अशा माणसासाठी हा लेख आहे. शेपटी अजून केली नसेल तर आधी ती करा. शेपटीचं किट आधी विकतात ते उगाच नाही. तिथे एखादा भाग बिघडला तर थोडक्या पैशांत नवा येतो आणि शिकण्याची फी म्हणून विसरता येतं. पंखाच्या मुख्य स्पारवर (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईवर) शिकायला गेलात तर खिसा रिकामा होईल.

मी आरव्ही-७ धरून लिहितोय. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ऑरोरा इथे व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी ती १९७३ साली सुरू केली आणि तिच्या किटांवरून बनलेली ११ हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. आरव्ही-७ म्हणजे शेजारी शेजारी दोन आसनं, पंखांचा पसारा २५ फूट, दोन्ही पंखांत मिळून ४२ गॅलन पेट्रोल, आणि सगळं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, रिव्हेट ठोकून बांधलेलं. दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंगसारख्या किटांमध्ये बहुतेक ठिकाणी एकाच बाजूने ओढून बसवायचे पुल रिव्हेट असतात. ते काम बरंच सोपं आहे. तुमचं किट तसं असेल तर इथला ठोकायच्या रिव्हेटचा भाग सोडून द्या, बाकीचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याभोवतीच फिरते. पंखाच्या कामात दर थोड्या दिवसांनी काहीतरी कायमचं बंद होतं. आधी पुढची नाकाची कड बंद होते, मग टाकी, मग वरचा पत्रा आणि शेवटी खालचा. रिव्हेट ठोकायला कुणीही शिकतं. ‘हे बंद केल्यावर आत हात जाणार आहे का, आणि आत जायचं काही राहिलंय का’ हे रोज स्वतःला विचारायची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात

अमेरिकेत हे विमान एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट वर्गात नोंदवलं जातं. अट अशी की घडवण्याचं आणि जोडण्याचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. सगळे याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. अर्धवट तयार येणारं क्विकबिल्ड किटही या नियमात बसतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून वही ठेवा आणि फोटो काढा. शक्यतो फोटोत तुम्ही स्वतः दिसा, हातात हत्यार घेऊन. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा तपासनीस शेवटी तेच बघतो, आणि पुढे दरवर्षीची तपासणी स्वतः करायचा परवाना हवा असेल तर विमान आपणच बांधलंय हे दाखवता आलं पाहिजे. हौशी विमान बांधणाऱ्यांच्या ईएए या संघटनेचे टेक्निकल कौन्सिलर नावाचे अनुभवी स्वयंसेवक असतात. ते फुकट घरी येऊन काम बघतात. त्यांना दोनदा तरी बोलवा: टाकी बंद करण्याआधी आणि खालचे पत्रे लावण्याआधी.

भारतातून वाचणाऱ्यांच्या मनात कॅप्टन अमोल यादव आलेच असतील. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी बीकेसीत पाहिलं, आणि नोंदणी हातात पडायला २०१७ उजाडलं. त्यांचं विमान किटचं नव्हतं, स्वतःच्या आराखड्याचं होतं. त्यापुढे आमचं काम फार सोपं. आम्हाला भोकंसुद्धा पाडून मिळतात.

खोकं उघडल्यावर

यादी काढून एकेक भाग मोजा. कंटाळवाणं आहे, पण हरवलेल्या भागाची तक्रार करायची मुदत असते. रिव्हेटच्या पिशव्या फोडू नका, त्यांवरचे नंबर हेच तुमचं बाराखडीचं पुस्तक आहे. उदाहरणार्थ एएन४२६एडी३-३.५: एएन४२६ म्हणजे पत्र्याच्या पातळीत बसणारं १०० अंशांचं चपटं डोकं, एडी म्हणजे मिश्रधातू, ३ म्हणजे व्यास ३/३२ इंच आणि ३.५ म्हणजे लांबी, इंचाच्या सोळाव्या भागांत. गोल डोक्याचे ते एएन४७०. एडी मिश्रधातूच्या डोक्यावर बारीकसा खळगा असतो. पिशव्या मिसळल्याच तर तो बघून निवडता येतं.

मुख्य स्पार सोनेरी अॅनोडाइझ केलेला, जवळजवळ तयार असा येतो. त्याला दोघांनी उचला आणि खाली गालिचा किंवा जुनी गोधडी अंथरा. पत्र्यांवर निळी प्लास्टिकची फिल्म असते. ती वर्षानुवर्षं ठेवली तर चिकटून बसते आणि खाली ओलावा धरते. रिव्हेटच्या रांगेपुरत्या पट्ट्या काढायच्या असतील तर सोल्डरिंग आयर्नचं टोक कानशीने गोल करून, पट्टीला टेकवून फिल्मवर फिरवा. ब्लेड लावू नका. ब्लेडची रेघ म्हणजे उद्याची चीर.

खुणा शार्पीने करा. शिसपेन्सिल ॲल्युमिनियमला चालत नाही, ग्राफाइटने गंज धरतो. आणि प्रत्येक रिबवर (पंखाला आकार देणाऱ्या फासळीवर) डावा-उजवा, वर-खाली, आत-बाहेर लिहा. उजवी रिब आणि डावी रिब आरशातल्या जोडीसारख्या असतात आणि रात्री अकरा वाजता दोन्ही डाव्या करून ठेवणं फार सोपं असतं.

जुनं, अर्धवट किट कुणाकडून विकत घेत असाल तर ते कधीचं आहे हे नक्की विचारा. २०२२-२३ च्या सुमारास व्हॅन्सच्या काही भागांना लेझरने भोकं पाडलेली होती आणि डिंपल करताना, म्हणजे रिव्हेटच्या चपट्या डोक्यासाठी भोकाभोवती खळगा दाबताना, त्या भोकांच्या काठाला बारीक तडे जाताना दिसले. कंपनीने ते भाग बदलून द्यायची योजना काढली, डिसेंबर २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण घ्यावं लागलं आणि २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. आज नवीन किट घेणाऱ्याने याची काळजी करायचं कारण नाही. दुसऱ्याच्या गॅरेजातून स्वस्तात उचलणाऱ्याने भाग क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रिब सरळ करणं

दाबून वाकवलेल्या रिबची कड पंखाच्या आकाराप्रमाणे वळते, आणि त्या वळणामुळे रिबचा मधला पत्रा केळ्यासारखा वाकतो. टेबलावर ठेवून बघा, दोन्ही टोकं किंवा मध उचललेला दिसेल. यासाठी फ्लूटिंगची खास पक्कड मिळते. भोकांच्या मध्ये तिने कडेला हलक्या चुण्या घालायच्या, म्हणजे जास्तीचा पत्रा तिथे जिरतो आणि रिब सपाट होते. भोकांची रांग पट्टी लावल्यासारखी एका रेषेत आली की थांबा. मग कडा गुण्या लावून ९० अंशांत आणा. एका पंखाला डझनभराहून जास्त रिब्ज, आणि प्रत्येकीला हे करायचं. रेडिओ लावा.

या रिब्ज स्पारला एएन४७० रिव्हेटने बसतात आणि मागच्या टोकाला मागचा स्पार. गन सरळ धरायला जागा नसते, शेजारची रिब आड येते. गनला लांब सेट (रिव्हेटच्या डोक्यावर टेकणारं टोक) लावून शेजारच्या रिबला किंचित बाजूला सारत मारतात. सेट तिरका झाला की रिव्हेटच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखा घाव उमटतो. घाव रिव्हेटवर असेल तर चालून जातं, पत्र्यावर असेल तर घासून गुळगुळीत करा.

सांगाडा झाला की तो स्टँडवर चढवायचा. जमिनीला बोल्ट केलेले दोन खांब, स्पार त्यांच्या मधोमध, नाक खाली किंवा वर. आता ओळंबा काढा. गवंड्याचा असतो तोच. स्पारच्या दोन्ही टोकांना आणि मागच्या स्पारच्या दोन्ही टोकांना दोरे सोडा आणि चारी दोऱ्यांची अंतरं मोजा. आतलं आणि बाहेरचं माप जुळलं तर पंखाला पीळ नाही. मधे झोळ आहे का हे बघायला टोकापासून टोकापर्यंत बारीक दोरी ताणा आणि झोळ असेल तर मध्ये टेकू द्या. हल्लीच्या किटांत भोकं इतकी अचूक असतात की पत्रे क्लेकोने (भोकात घालून पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या खिळीने) लावले की पंख आपोआप सरळ होतो, असं म्हणतात. खरंही आहे. तरी ओळंबा लावा, कारण सांगाडा वाकडा धरून पत्रे ठोकले तर पीळ कायमचा राहतो आणि तो पुढे विमान एका बाजूला झुकवत राहतो.

भोकं: जोडा, वाढवा, सुटं करा

पत्रे चढवून प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या भोकात क्लेको घाला. चंदेरी क्लेको ३/३२ इंचाला, तांब्याच्या रंगाचा १/८ ला, काळा ५/३२ ला. मग भोकं पूर्ण मापाची करायची: ३/३२ रिव्हेटला ४० नंबरचा ड्रिल, १/८ ला ३० नंबरचा. त्यानंतर सगळं परत सुटं. नवख्याला हे जिवावर येतं, पण दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेला बर (ड्रिलनंतर भोकाच्या काठाला उरणारी धातूची कुसळ) तसाच राहिला तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि रिव्हेट त्या फटीत फुगतो.

प्रत्येक भोकाचा बर दोन्ही बाजूंनी काढा. अवजार हातात हलकं फिरवा, एक-दोन वेढे पुरे. जोर लावला तर भोकाची कडच तासली जाते आणि पातळ पत्र्यात चाकूसारखी धार उरते. पत्र्याच्या कडा आधी कानशीने, मग स्कॉच-ब्राइटच्या चाकावर इतक्या गुळगुळीत करा की बोट फिरवलं तरी काही लागू नये. जिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तिथे वरच्या पत्र्याची कड एज रोलरने केसभर खाली वळवा. ठोकल्यावर ती उचलली जात नाही आणि रंगानंतर जोड शोधावा लागतो.

मग डिंपल. पातळ पत्र्यात चपट्या डोक्यासाठी खळगा दाबून करायचा, जाड भागात तो कापून करायचा, म्हणजे काउंटरसिंक. स्पारच्या वरच्या-खालच्या पट्ट्या जाड आहेत, तिथे काउंटरसिंक लागतो आणि टाकीच्या ८ नंबरच्या स्क्रूंसाठी तो खोल असतो. मायक्रोस्टॉप (काउंटरसिंकची खोली ठरवणारं अवजार) टिकटिक करत एकेक हजारांश इंचाने जुळवा. दर वेळी एका तुकड्यावर डिंपल केलेला नमुना त्या खड्ड्यात बसवून बघा. नमुना हलत नाही आणि कड टेकते, एवढं झालं की तिथेच थांबा.

प्रायमर लावावा की नाही यावर दोन बांधकामवाले भेटले की भांडण ठरलेलं. माझं मत विचाराल तर: अॅलक्लॅड पत्र्याला शुद्ध ॲल्युमिनियमचा थर असतोच, पण विमान समुद्राजवळ राहणार असेल तर आतून लावा. दोन भागांचा इपॉक्सी चांगला, पण तो फवारताना साधा कापडी मास्क चालत नाही, नीट रेस्पिरेटर लावा. रविवार वाया जातो, विमानाचं वजनही थोडं वाढतं. ह्यूस्टनच्या दमट हवेत राहणाऱ्याला ते परवडतं.

रिव्हेट: कान, मनगट आणि थांबणं

आता मुख्य काम. एका पूर्ण आरव्हीत दहा हजारांहून जास्त रिव्हेट बसतात आणि त्यांतला मोठा वाटा पंखांत असतो. रिव्हेट नीट बसला हे ओळखायचं माप सोपं आहे. ठोकलेल्या बाजूला जे डोकं तयार होतं त्याची रुंदी मूळ व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी हवी. ३/३२ च्या रिव्हेटसाठी ती साधारण ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ उंच येते, १/८ साठी ४.८ आणि १.६. ठोकण्याआधी दांडा पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट डोकावला पाहिजे. पत्रा तीन थरांचा झाला की नकाशातल्या लांबीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, घालून बघा.

गनला दाब कमी ठेवा. ३/३२ ला ३० ते ३५ पीएसआय (चौरस इंचाला पाउंड), १/८ ला ४० च्या आसपास. गनगणिक फरक पडतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर ठरवा. कमी दाबाने हळू मारणं चांगलं वाटतं, पण रिव्हेट दहा सेकंद कुटत बसलात तर तो कडक होतो आणि मग बसायचं नाव घेत नाही. दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं.

वरच्या पत्र्याला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून रिबच्या बाजूला बकिंग बार (रिव्हेटच्या दांड्यामागे धरायचा जड धातूचा ठोकळा) टेकवतो. सगळ्यांना वाटतं गनवाल्याचं काम अवघड. उलट आहे. गन शिकाऊ माणसाला द्या आणि बार स्वतः धरा, कारण रिव्हेट कसा बसतोय हे बारवाल्यालाच कळतं. बार चौकोनात बसला की तळहाताला थरथर सारखी लागते, तिरका झाला की एका कडेला टोचते. टंगस्टनचा बार महाग आहे, पण वजनाला भारी आणि आकाराला लहान, रिबच्या कडेला बोटं चेंगरत नाहीत. पैसे कुठे वाचवायचे तर इथे नको.

बोलायची भाषा आधी ठरवा. आमच्याकडे बायको गन चालवते आणि मी आत असतो. शब्द तीनच: मी ‘धरलं’ म्हणायचं, ती ‘मारते’ म्हणते, मी ‘बस’ म्हणालो की ट्रिगर सोडायचा. ‘धरलं’ ऐकल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही, कारण बार नसताना गन चालली तर पत्र्याला असा खड्डा पडतो की रंगाऱ्याची लांबीसुद्धा तो लपवू शकत नाही. कानांत प्लग असतात म्हणून शब्द ओरडून. शेजारच्या काकू एकदा काय चाललंय म्हणून बघायला आल्या होत्या. नीट बसलेल्या रिव्हेटचा आवाज सुरुवातीला बद आणि शेवटी टणक, उंच होतो. दोन-चार संध्याकाळी गेल्या की कान आधी सांगतो आणि डोळा नंतर.

पत्रा मधून सुरू करून बाहेर चला. कडेपासून सुरू केलं तर पत्रा मधे फुगतो आणि फुगवटा जिथे संपतो तिथे तो दाबून बसवायला जागा राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाईट दिसणारा प्रत्येक रिव्हेट काढू नका. किंचित जास्त चपटा झाला, किंवा डोकं थोडं सरकलं, तर माप लावा. खरंच मापाबाहेर असेल तरच काढा. रिव्हेट काढताना भोक मोठं होण्याचा, पत्रा फाटण्याचा धोका मूळ दोषाहून मोठा असतो. काढायचाच असेल तर डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल धरा, एडी रिव्हेटचा खळगा तिथे मदत करतो, फक्त डोक्याइतकं खोल जा, मग पोगर त्या भोकात घालून डोकं वाकवून तोडा आणि मागे आधार देऊन दांडा हलकेच बाहेर ठोका. तरीही भोक मोठं झालंच तर एनएएस१०९७ नावाचे रिव्हेट घरात असू द्या. त्यांचा दांडा १/८ चा पण डोकं ३/३२ च्या रिव्हेटएवढंच असतं, त्यामुळे आधीच्या डिंपलमध्ये बसतं. अमेरिकेत त्यांना ‘उप्स रिव्हेट’ म्हणतात.

पेट्रोलची टाकी

आरव्ही-७ मध्ये पंखाच्या नाकाचा आतला, धडाकडचा भाग म्हणजेच टाकी. प्रत्येकीत २१ गॅलन, साधारण ८० लिटर. बाहेरचं नाक स्पारला रिव्हेटने कायमचं बसतं, टाकी मात्र स्क्रूंनी, म्हणजे गळलीच तर काढता येते. काढता येते म्हणून निष्काळजी राहू नका. गळणारी टाकी दुरुस्त करणं हे नवी करण्याहून वाईट.

सीलंट दोन भागांचं पॉलीसल्फाइड असतं. वजनाने १० ला १, डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजून घ्या, अंदाजाने नाही. बी-२ प्रकाराचं म्हणजे दोन तास हाताळता येतं. पण उष्णता आणि दमटपणा त्याला लवकर घट्ट करतात, त्यामुळे टेक्सासच्या जुलैत दोन तासांचा एक होतो. थंड सकाळी करा आणि एका वेळी थोडंच कालवा. घट्ट काकवीसारखं असतं, वास अंड्यासारखा, आणि दाराच्या मुठीवर लागलं की ते दार आठवणीत राहतं. हातमोज्यांच्या तीन जोड्या एकावर एक घाला, वरची घाण झाली की ओढून टाका. जुने कपडे घाला. पुन्हा घालता येणार नाहीत.

सीलंट चिकटायला पृष्ठभाग आधी स्कॉच-ब्राइटने खरवडा आणि नंतर एमईके किंवा अॅसिटोनने पुसा. पुसताना फडकं एकाच दिशेने फिरवा आणि प्रत्येक पुसणीला नवा तुकडा घ्या. रिबच्या कडेला सीलंट, प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून, आणि ठोकून झाल्यावर आतल्या डोक्यावर सीलंटची टोपी. नंतर रिब आणि पत्र्याच्या कोपऱ्यात बोटाने किंवा आइसक्रीमच्या काडीने गोलसर फिलेट फिरवा. गळती बहुतेक वेळा रिव्हेटमधून नसते, कोपऱ्यातून असते. विशेषतः रिबचं पुढचं टोक जिथे नाकाच्या वळणाला भिडतं तिथे. तिथे डोळ्यांनी दिसत नाही म्हणून आरसा आणि टॉर्च वापरा.

मागची भिंत, बॅफल, सगळ्यात शेवटी. ती बसली की टाकी संपली. त्याआधी टाकीच्या आत काय काय आहे ते मोठ्याने म्हणा: पेट्रोल ओढणारी नळी आणि तिची जाळी, पातळी दाखवणारा सेंडर, टाकीत हवा येण्याची व्हेंटची नळी जी पंखाच्या उताराने वर राहणाऱ्या बाहेरच्या टोकापर्यंत गेलीच पाहिजे, खालच्या आतल्या कोपऱ्यातला ड्रेन. प्रत्येकावर फोटो. मग कौन्सिलरला फोन.

गळती तपासायला टाकीचं सगळं बंद करून आत हवा भरतात. फुगा लावून बघायची पद्धत जुनी आहे. फुगा रात्री लहान झाला की माणूस घाबरतो, पण तापमान उतरलं तरी तो लहान होतोच. त्यापेक्षा पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरा आणि एक टोक टाकीला जोडा. दोन बाजूंच्या पाण्यात ७० सेंटीमीटरचा फरक म्हणजे सुमारे १ पीएसआय. याच्यावर जाऊ नका. १ पीएसआय ऐकायला काहीच नाही, पण चौरस फुटाला तो ६५ किलोचा रेटा आहे आणि टाकीचा पत्रा पातळ. शिवाय पाण्याची उघडी नळी दाब वाढला तर पाणी फेकून सुटते, म्हणजे सुरक्षा आपसूकच. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावा आणि बुडबुडे शोधा. उघड्या एअर कॉम्प्रेसरची नळी थेट टाकीला लावू नका, कधीच. सायकलचा पंप पुरतो.

वरचे पत्रे लावल्यावर, खालचे लावण्याआधी

वरचे पत्रे ठोकले आणि स्टँडवरून उतरवून पंख पालथा केला की आत सगळं मोकळं दिसतं. इथे घाई नडते. विमान अजून वर्षभर लांब असतं, लाइट कोणते घ्यायचे ते ठरलेलं नसतं, आणि तरीही सगळं याच आठवड्यात ठरवायचं असतं. तारांसाठी रिब्जमधून नळी घालून ठेवा, तारा नंतर ओढता येतात. वेग मोजणाऱ्या पिटोची नळी, टोकाच्या लाइटच्या तारा, ऑटोपायलट लावायचा विचार असेल तर रोल सर्व्होची जागा, एलरॉनचा (विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाचा) बेलक्रँक आणि त्याचे पुशरॉड, म्हणजे तो हलवणारी तरफ आणि दांडे, विमान जमिनीला बांधायचा टाय-डाउनचा ब्रॅकेट. बेलक्रँकचे बोल्ट टॉर्क रेंचने लावा, साध्या एएन३ बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, आणि लावल्यावर टॉर्क सीलचा रंगीत ठिपका द्या. ठिपका नसलेला बोल्ट म्हणजे लावायचा राहिलेला बोल्ट, हा नियम पाळलात तर उद्या गोंधळ होत नाही.

खालच्या पत्र्यांचे रिव्हेट मारताना बार धरणाऱ्याचा हात रिबच्या वजन-कमी-करायच्या भोकांतून आत जातो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कडा कितीही घासल्या तरी हाताची साल निघते. बारीक हाताचं कुणी ओळखीचं असेल तर आधीच जेवणाचं आमंत्रण देऊन ठेवा. पत्रा आतल्या टोकाला उचलून धरून बाहेरच्या टोकापासून मागच्या कडेने चढत येतात, म्हणजे शेवटपर्यंत हात आत शिरायला जागा राहते.

एलरॉन आणि फ्लॅप शेपटीच्या पत्र्यांसारखेच, तुम्हाला येतात. एलरॉनच्या नाकात साधा गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप बसतो, नळाला असतो तसाच, तो समतोलाचं वजन आहे. रंग लावल्यानंतर समतोल पुन्हा तपासावा लागतो. मागची कड डोळ्याला सरळ दिसते का ते पट्टी लावून बघा. एलरॉनची कड फुगलेली असली तर विमान सरळ उडत नाही आणि मग उडवताना दोष पंखाला देतात.

धडाला जोडताना

ही पायरी बहुतेकांच्या बाबतीत पुढच्या वर्षी येते, पण पंखात एक भोक मुद्दाम पाडलेलं नसतं ते याच दिवसासाठी. मागच्या स्पारचं टोक धडातल्या पट्टीत शिरतं आणि तिथे एकच ५/१६ इंचाचा बोल्ट बसतो. पंख धडात सरकवा, मुख्य स्पारला हार्डवेअर स्टोअरमधले किंचित बारीक बोल्ट घालून धरा. खऱ्या बोल्टची इतक्यात गरज नाही. मग मुख्य स्पारच्या टोकांपासून ओळंबे सोडून दोन्ही पंख एका रेषेत आहेत का, पुढे-मागे झुकलेत का ते बघा. दोन्ही टोकांपासून शेपटीच्या एका खुणेपर्यंतची मापं सारखी हवीत.

मग कोन. आधी पाणसळीने धड समतल करा. नकाशात दिलेल्या उंचीचा ठोकळा मागच्या स्पारवर ठेवून, मुख्य स्पारपर्यंत सरळ पट्टी टाकून तिच्यावर पाणसळ ठेवा. दोन-तीन ठिकाणी आणि दोन्ही पंखांवर. डिजिटल लेव्हल असेल तर आणखी बरं, पण ती आधी उलटी फिरवून तिचं शून्य तपासा. सगळं जुळलं की पंख क्लॅम्पने धरा, पुन्हा सगळी मापं घ्या, मग ड्रिल.

ड्रिल करण्याआधी भोकाच्या मध्यापासून स्पारच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. ते बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ५/८ इंच, सगळ्या बाजूंनी मिळालं पाहिजे, पंखाच्या टोकाकडेही आणि धडातल्या पट्टीकडेही. कमी पडत असेल तर ड्रिल खाली ठेवा, पंख सरकवून बघा, आणि तरीही जमत नसेल तर कंपनीच्या बिल्डर सपोर्टला फोन करा. भोक सरळ जायला ड्रिल गाईड वापरा, किंवा लाकडाच्या ठोकळ्यात ड्रिल प्रेसवर भोक पाडून तो गाईड म्हणून क्लॅम्प करा. बारीक ड्रिलने सुरुवात करा, दोन टप्प्यांत मोठं करा आणि शेवटचं माप रीमरने. बोल्ट हाताने दाबून आत गेला पाहिजे, ढिला नाही. मग बोल्ट काढून पंख परत उतरवा, भोकाचे बर काढा, आणि रंगापर्यंत पंख गालिचा लावलेल्या पाळण्यात नाक खाली करून उभे ठेवा.